नर की मादी, ते नंतर बघू

मृगाचा पाऊस लागला की खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांत ओढे शेतात शिरतात आणि त्या लाल पाण्याला उलटे भिडत मासे वर चढायला लागतात. चढणीचे मासे. रात्री बॅटरी आणि बुट्टी घेऊन बांधावर गेलेली पोरं पहाटे ओली होऊन परतायची. मग आजी अंगणात विळी घेऊन बसायची आणि आम्ही भोवती कोंडाळं करायचो. उत्सुकता एकच, पोटात गाबोळी निघते का. निघाली तर मादी. बोटांना दुधासारखं पांढरं लागलं तर नर. पोट फाडेपर्यंत कुणाला पत्ता नसायचा. अंगणातली पिल्लं चार आठवड्यांची झाली की त्यांतला कोंबडा कुठला ते लांबून सांगणारी आजी माशापुढं मात्र हात टेकायची. म्हणायची, "त्याचं त्याला तरी कुठं म्हाईत असतंय."

ती गंमतीनं म्हणायची. पण कितीतरी माशांच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे, हे मला जीवशास्त्र शिकल्यावर कळलं.

मी बेळगावात मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. दहावीला आनुवंशिकतेच्या धड्यात ती प्रसिद्ध चौकट येते. आई एक्स-एक्स, बाप एक्स-वाय, आईकडून नेहमी एक्स येणार, बापाकडून एक्स आला तर मुलगी, वाय आला तर मुलगा. ही चौकट मी मुद्दाम सावकाश शिकवते. वर्गात अशा मुली असतात की ज्यांच्या आईनं तिसऱ्या मुलीनंतर घरात बोलणी खाल्लेली आहेत. फळ्यावरची ती चार घरं हा आमच्या भागातला विज्ञानाचा सगळ्यात उपयोगी तुकडा आहे, असं माझं ठाम मत आहे. घरी जाऊन आजीला समजावून सांगा, असा गृहपाठही मी देते.

पण धडा संपला की एखादं चौकस पोर हटकून विचारतं, "टीचर, कोंबडीचं पण असंच?" कोंबडीचं उलटं, तिथं दोन वेगळी गुणसूत्रं मादीकडं असतात, झेड आणि डब्ल्यू, म्हणून तिथं ठरवणारी आई. "आणि माशाचं?" इथं मी घड्याळाकडं बघते. कारण माशाचं उत्तर तासाच्या उरलेल्या पाच मिनिटांत बसत नाही. मी उलट विचारते, "कुठल्या माशाचं?"

माशांच्या तीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि नर-मादी ठरवायच्या जेवढ्या म्हणून तऱ्हा पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत आहेत, त्या जवळजवळ सगळ्या त्यांच्यात सापडतात. सस्तन प्राण्यांनी एक पद्धत धरली आणि काही मोजके उंदीरवर्गीय आणि अंडी घालणारे प्लॅटिपससारखे सोडले तर बाकीच्यांनी ती सोडली नाही. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं एक जनुक आहे. गर्भात काही आठवडे वृषण आणि अंडाशय यांतलं काहीही होऊ शकेल असा एकच कोवळा अवयव असतो. एसआरवाय जागं झालं की तो वृषणाच्या वाटेला लागतो. हे जनुक १९९० मध्ये लंडनच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. त्यानंतर बारा वर्षं जगभर लोक बाकीच्या पृष्ठवंशीय प्राण्यांत असं जनुक धुंडाळत होते. सापडलं ते एका माशात.

त्याआधी बाजारात जाऊन येऊ. कॅम्पातल्या मासळी बाजारात गोव्याहून, कारवारहून, मालवणकडून मासे येतात. बर्फावर एखादा मोठा चोणक आडवा पडलेला असतो आणि त्याच्याभोवती हॉटेलवाल्यांची बोली चाललेली असते. रायगडकडं ह्यालाच जिताडा म्हणतात. हा मासा जन्मतो, वाढतो आणि तीन-चार वर्षांचा झाला की नर म्हणून वयात येतो. नर म्हणून खाडीच्या तोंडाशी जातो, पिढी घडवतो. पुढं सहा-आठ वर्षांच्या सुमाराला, लांबी मीटरभराकडं झुकली की त्याचं वृषण विरत जातं, त्याच जागी अंडाशय तयार होतं आणि मग तो लाखो अंडी घालतो. घालते म्हणायला हवं. म्हणजे बाजारातला सगळ्यात भारी चोणक ही बहुतेक वेळा मादी असते आणि ती आपल्या तरुणपणी कुणाचा तरी बाप झालेली असते.

शेजारच्याच टोपलीत गोबरा. त्याच्या बहुतेक भाऊबंदांचं नेमकं उलटं. आधी मादी, मोठं झाल्यावर त्यांतले काही नर. असं का, ह्याचं एक सरळ उत्तर मायकेल गिसेलिन ह्या जीवशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये दिलं आणि ते आजही टिकून आहे. मोठ्या अंगाचा फायदा ज्या लिंगाला जास्त, ते लिंग म्हातारपणासाठी राखून ठेवायचं. मोठी मादी जास्त अंडी देते, म्हणून चोणकाचा क्रम तसा. जिथं नराला जागा राखायला, भांडायला अंगाची गरज, तिथं क्रम उलटा. ह्यातून मच्छीमारीचा एक प्रश्नही निघतो. आपण नेहमी मोठे मासे उचलतो. चोणकात त्यामुळं आया संपतात, गोबऱ्यात बाप.

इथं मला खरं थक्क करतं ते वेगळंच. चोणक नराचा मादी होतो तेव्हा त्याच्या गुणसूत्रांतलं एक अक्षरही बदलत नाही. पुस्तक तेच, फक्त पान उलटतं. आमच्या दहावीच्या चौकटीत हे बसवायचं तर चौकटच फोडावी लागेल.

एक सांगून टाकते, कारण असलं काही लिहिलं की कुणीतरी लगेच तो विषय काढतंच. आमच्या जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्मा आहे आणि तिच्या परडीबरोबर जोगप्पाही आहेत, पुरुषाच्या देहात जन्मून देवीच्या नावानं साडी नेसलेले. त्यांची बाजू घ्यायची म्हणून हल्ली लोक माशांची साक्ष काढतात, निसर्गात पण असतं बघा, म्हणून. हेतू चांगला असतो, पण ही वकिली मला पटत नाही. माणसाला नीट वागवायला चोणकाचं प्रमाणपत्र कशाला लागावं? उद्या कळलं की एकही मासा लिंग बदलत नाही, तर काय जोगप्पांना परडी खाली ठेवायला लावणार? मासे माशांपुरते बघूया. ते तेवढ्यानंही पुरेसे अचंबित करतात.

तर ते जनुक. जपानात भाताच्या खाचरांत मेडाका नावाचा बोटाच्या पेराएवढा मासा असतो. क्योतोच्या तात्सुओ आइदानं १९२१ मध्ये दाखवून दिलं की ह्या माशाचा तांबूस रंग वाय गुणसूत्राबरोबर बापाकडून लेकाकडं जातो. त्यामुळं अशी एक ओळ पैदा करता येते की जिच्यातले सगळे तांबडे मासे नर आणि सगळे पांढरे मादी. पोट फाडायची गरजच संपली. मग नागोयाच्या तोकिओ यामामोतोनं ह्या तांबड्या पिल्लांना, म्हणजे जन्मानं ठरलेल्या नरांना, खाद्यातून स्त्री-संप्रेरक घातलं. १९५३ मध्ये त्यानं प्रसिद्ध केलं की हे तांबडे मासे मोठे होऊन व्यवस्थित अंडी घालू लागले. वाय गुणसूत्र पोटात घेऊन हिंडणाऱ्या माद्या. त्यांची जोडी साध्या नराशी लावल्यावर काही पिल्लं वाय-वाय निघाली, आणि तीही जगली, नांदली. माणसात हे शक्य नाही. आपल्या एक्सवर जगण्यापुरती इतकी जनुकं आहेत की तो नसला तर गर्भच टिकत नाही. मेडाकाचे एक्स आणि वाय मात्र सूक्ष्मदर्शकाखाली ओळखूसुद्धा येत नाहीत, एवढे सारखे.

२००२ मध्ये ह्या वायवरचं जनुक सापडलं, आणि तेही एकाच वर्षी दोन ठिकाणी. जपानात मात्सुदांच्या गटाला, जर्मनीत वुर्झबर्गला इंद्रजीत नंदा आणि मॅन्फ्रेड शार्टल यांच्या गटाला. ते एसआरवाय नव्हतं. डीएमआरटी१ नावाचं, वृषण घडवण्याच्या कामातलं एक जुनं जनुक आहे, कोंबड्यापासून माणसापर्यंत सगळ्यांत असलेलं. मेडाकाच्या पूर्वजात त्याची एक जादा प्रत चुकून निघाली, वायवर जाऊन बसली आणि हुकूम द्यायला लागली.

चला, माशांचं जनुक मिळालं, असं सगळ्यांना वाटलं. मग मेडाकाच्या जवळच्या भावंडांत बघितलं, तर एखादं सोडता तिथं ते नव्हतंच. फिलिपिन्सच्या एका भावंडात जीएसडीएफ नावाचं दुसरंच जनुक ते काम करत होतं. आपल्या भारताच्या किनाऱ्यावर मचूळ पाण्यात राहणाऱ्या ओरायझिअस डान्सेना ह्या तिसऱ्या भावंडात सॉक्स३. आणि सॉक्स३ म्हणजे तेच जनुक, ज्याच्यातून आपलं एसआरवाय कधीकाळी निपजलं. कोट्यवधी वर्षांच्या अंतरानं, एकमेकांशी संबंध नसताना, एकाच जुन्या जनुकाला दोनदा बढती मिळाली. पुढं ट्राउटमध्ये सापडलेलं एसडीवाय तर रोगप्रतिकाराच्या कामातल्या जनुकापासून तयार झालेलं निघालं, लिंगाशी त्याचा आधी काही संबंधच नव्हता. आणि फुगू ह्या विषारी माशात जनुकाच्या एका अक्षराच्या फरकावर सगळा नर-मादीचा निकाल लागतो.

ह्याच कुळातला एक मासा मराठी माणसानं जगापुढं आणला, हे मी वर्गात आवर्जून सांगते. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९४० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या दोन-तीन सेंटिमीटरच्या एका काचेसारख्या पारदर्शक माशाचं वर्णन केलं, होराइक्थिस सेतनाय. आता त्याला मेडाकाच्याच ओरायझिअस गटात घालतात.

एवढे निरनिराळे हुकूम देणारे, मग गोंधळ का होत नाही? कारण खालची यंत्रणा जवळजवळ सगळीकडं एकच आहे. नराच्या बाजूला डीएमआरटी१ आणि एएमएच, मादीच्या बाजूला फॉक्सएल२ आणि अरोमटेज हे विकर, जे पुरुषी संप्रेरकाचं स्त्री-संप्रेरक करतं. दोन्ही बाजू एकमेकींना दाबून धरतात. वरून कुणीही हलका धक्का दिला की एक बाजू जड होते. ॲडम विल्किन्स ह्या जीवशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये मांडलं होतं की ही साखळी खालून वर वाढत जाते, खालचे दुवे जुने आणि टिकाऊ, वरचे नवे आणि बदलते. मला हे वाचताना आमच्या ट्रंकेतले जमिनीचे कागद आठवले. पणजोबांचे मोडीतले, आजोबांचे बाळबोध मराठीतले, आणि आता तलाठ्याकडून येणारा उतारा कन्नडमधला. वर आधी मुंबई इलाखा, १९५६ नंतर म्हैसूर राज्य, १९७३ पासून कर्नाटक. शिक्के बदलत गेले. खाली खाचरात पाणी कुठल्या बांधावरून कुठं सोडायचं, तो रिवाज मात्र कुणी बदलला नाही.

काही मासे तर वरचा शिक्काच हरवून बसतात. झेब्राफिश हा मुळात आपला मासा. फ्रान्सिस हॅमिल्टननं १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातून त्याचं वर्णन केलं, पश्चिम घाटातल्या ओढ्यांतूनही त्याच्या नोंदी आहेत. आज जगातल्या हजारो प्रयोगशाळांत तो पोसला जातो. त्यात नर-मादी कशानं ठरतं, ह्याचा पत्ता प्रयोगशाळेतल्या माशांत लागेना. २०१४ मध्ये रानटी वाण तपासल्यावर उलगडा झाला. रानातल्या झेब्राफिशमध्ये चौथ्या गुणसूत्राच्या टोकाला लिंग ठरवणारा भाग आहे, कोंबडीच्या धर्तीचा. प्रयोगशाळेत पिढ्यान्पिढ्या पाळलेल्या प्रमुख वाणांतून तो गायब झाला. तरी त्या टाक्यांत नरही होतात, मादीही. तिथं अनेक जनुकं आणि वाढीची परिस्थिती मिळून निकाल लावतात. शिवाय झेब्राफिशच्या प्रत्येक पिल्लात सुरुवातीला अंडाशयासारखाच अवयव तयार होतो, पुढं नर होणाऱ्यांत तो मोडून त्याचं वृषण होतं. मूळ जननपेशी कमी पडल्या तर मासा नराकडं झुकतो. आजीचं वाक्य मला इथं पटलं होतं.

मग ऊन. आमच्या जिल्ह्यात कणकुंबीला पाऊस थांबत नाही आणि अथणीला पडत नाही, त्यामुळं पाण्याच्या तापमानाचा विषय आम्हाला परका नाही. तव्यावर कुरकुरीत होणारी लेपी सगळ्यांना माहीत असते. तिचा चीनच्या समुद्रातला एक चुलतभाऊ आहे, त्याच्यात मादी झेड-डब्ल्यू. त्याची पिल्लं कोमट पाण्यात वाढवली तर जन्मानं मादी असलेल्यांतल्या बऱ्याचशा नर होऊन बसतात आणि त्यांना पिल्लंही होतात. उष्णतेनं जनुकं बदलत नाहीत, त्यांच्यावरच्या रासायनिक खुणा बदलतात, आणि ही प्रवृत्ती पुढच्या पिढीतही उतरते. तिलापियाचं असंच. अंड्यातून निघाल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत पाणी पस्तीस-छत्तीस अंशांवर राहिलं तर अरोमटेज मंदावतं आणि नरांचं प्रमाण वाढतं.

तिलापियाचं नाव काढलं की चिकोडीकडचा माझा मामेभाऊ आठवतो. उसातून थोडी जमीन काढून त्यानं शेततळं केलं, सरकारी भाषेत कृषिहोंड. फोनवर म्हणाला, "ताई, चिलापी सोडायची म्हणतोय. पर सगळी नरच पायजेत बघ. मोनोसेक्स." हा शब्द तिकडं आता युरियाइतका रुळलाय. त्याचं कारणही पक्कं आहे. तिलापियाची मादी वीतभर व्हायच्या आधीच वयात येते, अंडी तोंडात धरून उबवते आणि पुन्हा पुन्हा उबवते. काही महिन्यांत तळं बोटभर पिल्लांनी भरतं, खाद्य त्यांच्यात वाटलं जातं आणि विकण्याजोगा मासा होतच नाही. नर भराभर वाढतात.

सगळे नर करायचे दोन-तीन मार्ग आहेत. सगळ्यात चालू मार्ग म्हणजे मत्स्यजिऱ्यांना, म्हणजे नुकत्याच निघालेल्या पिल्लांना, पहिले तीन-चार आठवडे मिथाइल टेस्टोस्टेरॉन लावलेलं खाद्य घालायचं, किलोमागं साधारण ६० मिलिग्रॅम. अजून अवयव ठरलेला नसतो, त्यामुळं जन्मानं मादी असलेली पिल्लंही नर होतात. दुसरा मार्ग संकराचा. मलाक्कात सी. एफ. हिकलिंगनं १९६० मध्ये तिलापियाच्या दोन जाती एकत्र करून जवळपास सगळी नर पिल्लं मिळवली होती. एका जातीत एक्स-वाय, दुसरीत झेड-डब्ल्यू, दोन निराळे कायदे एका घरात आले की निकाल असा लागतो. तिसरा मार्ग मला सगळ्यात देखणा वाटतो, तो यामामोतोच्याच वाटेनं जाणारा. नर पिल्लांची संप्रेरकानं मादी करायची, तिची साध्या नराशी जोडी लावायची, चौथाई पिल्लं वाय-वाय निघतील ती हेरून ठेवायची. अशा वाय-वाय नराची पिल्लं, मादी कुठलीही साधी असो, सगळी एक्स-वाय. खाणाऱ्याच्या ताटातल्या माशाला औषध शिवलेलंही नसतं. अमेरिकेत आयडाहोच्या ओढ्यांत ह्याच युक्तीचा उलटा उपयोग करतात. बाहेरून आलेल्या ब्रूक ट्राउटमध्ये वाय-वाय नर सोडत राहायचे, म्हणजे पिढ्यांमागून पिढ्या मादीच जन्माला येणार नाही आणि ती जात आपोआप संपेल.

शंभर टक्के मात्र क्वचितच मिळतात. दुसरी जनुकं मध्ये लुडबुडतात, पाणी तापतं, चार-पाच टक्के माद्या निघतातच.

मामेभावाला हे सगळं सांगितलं. तिलापियाला परवानगी लागते हेही सांगितलं. मोझांबिकचा तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला आणि नंतर तो तळ्यांतून नद्यांत कसा पसरला, हा इतिहास ऐकून तो कंटाळला. शेवटी त्यानं कटला-रोहू-मृगळची बोटुकली सोडली. त्यांच्यात नर-मादीची कटकटच नाही, ते साठलेल्या पाण्यात वितच नाहीत, त्यांना वाहती नदी लागते. हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुलला पिट्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालून घेतली, तेव्हापासून ते काम हॅचरीत होतं. शेतकऱ्यानं फक्त कोंडा-पेंड घालायची.

पहिल्यांदा जाळं ओढलं त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. कटला चांगला झाला होता. पण जाळ्यात बरोबर चिलापीही आली होती, न सोडता, न बोलावता, कॅनॉलच्या पाण्याबरोबर शिरलेली, आणि अर्थातच नर-मादी दोन्ही. काहींच्या तोंडात पिल्लं.

"ताई, त्ये तुझं नर करायचं खाद्य आता घालून चालंल काय?"

मोठ्या झालेल्या मादीचंही अंडाशय उलटवता येतं, जपान-चीनच्या प्रयोगांत अरोमटेज बंद पाडणारं औषध महिनोन्महिने घालून तिलापियाच्या वयात आलेल्या माद्यांचे नर केलेले आहेत. म्हणजे मादी एकदा झाली की झाली असं नाही, तिला रोजच्या रोज मादी राहावं लागतं, शरीर ते काम अखंड करत असतं. हे सगळं मी त्याला सांगायला लागले होते.

"एवढ्या म्हैन्यांचं औषध कोण देणार?" तो म्हणाला. "त्यापरीस उद्या बाजारात नेतो. न्हाई खपली तर घरी कालवण."